फाइल वाचणाऱ्या कोडमधली बफरची चूक कशी शोधायची आणि कशी दुरुस्त करायची

फाइलसिस्टिममधून फाइल वाचणारा कोड जेमतेम वीस-पंचवीस ओळींचा असतो आणि बफरच्या (डेटा तात्पुरता ठेवायच्या मेमरीतल्या जागेच्या) बहुतेक चुका त्यातल्या तीन-चार ओळींतच होतात. तरीही त्या सापडत नाहीत, कारण कोड चुकलेला असतानाही सिस्टिम बूट होते, शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) येतो, फाइली स्क्रीनवर छापल्या जातात. ब्लॉकची (डिस्कवरच्या ठराविक मापाच्या तुकड्याची) हद्द ओलांडून जाणारे वाचन रोजच्या वापरात फार क्वचित होते, त्यामुळे चूक दडून राहते. म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा जास्त जागा चूक मुद्दाम उघडी पाडण्याला दिली आहे. ते एकदा जमले की दुरुस्ती सहसा एका ओळीची असते.

सरावासाठी एक्सव्ही६ घेऊ. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर एमआयटीत २००६ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. कोड सगळा वाचून होतो आणि बिघडवला तरी कोणाची डिस्क जात नाही. इथले आकडे तिच्या रिस्क-फाइव्ह (प्रोसेसरचा एक प्रकार) आवृत्तीचे आहेत. तिच्यात ब्लॉक १०२४ बाइटचा असतो. जुन्या एक्स८६ आवृत्तीत तो ५१२ चा होता, तिच्यावर काम करणार असाल तर पुढचे सगळे हिशेब त्याप्रमाणे बदला.

तयारी

उबुंटू किंवा डेबियनवर गिट, बिल्ड-इसेन्शियल, क्यूईमूचे (आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे) सिस्टिम-मिस्क पॅकेज, रिस्क-फाइव्ह ६४ साठीचे जीसीसी आणि बिनयुटिल्स, शिवाय जीडीबी-मल्टिआर्क एवढे बसवा. विंडोजवर हेच सगळे डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) चालते. कोड क्लोन करून लगेच स्वतःची वेगळी ब्रँच काढा. फोल्डरात ‘मेक क्यूईमू’ दिले की शेलचे डॉलरचे चिन्ह दिसायला हवे. बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून सोडायचे आणि मग एक्स दाबायचा.

कोडला हात लावण्याआधी न बदललेल्या प्रतीवर ‘युजरटेस्ट्स’ (एक्सव्ही६ सोबत येणाऱ्या चाचण्या) पूर्ण चालवा. शेवटी ‘ऑल टेस्ट्स पास्ड’ आले पाहिजे. ही पायरी टाळली तर पुढे एखादी चाचणी अडकल्यावर ती तुमच्या बदलामुळे अडकली की आधीपासूनच तशी होती, हे कळायला मार्ग राहत नाही.

दोन फाइली उघडून ठेवा, दोन्ही कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) फोल्डरात आहेत. एफएस डॉट सी मध्ये वाचन करणारे ‘रीड-आय’ आणि फाइलमधला ब्लॉक डिस्कवर कुठे आहे ते सांगणारे ‘बी-मॅप’ आहे. बायो डॉट सी मध्ये बफर कॅश (डिस्कवरून वाचलेले ब्लॉक मेमरीत ठेवायचा साठा) आहे: ‘बी-गेट’ बफर शोधतो, ‘बी-रीड’ तो भरून आणि लॉक करून (दुसऱ्या कोणाला वापरता येणार नाही असा) देतो, ‘बी-रेल्स’ तो सोडतो. कॅशमध्ये एकूण ३० बफर असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी कागदावर हिशेब

‘रीड-आय’ चे काम मराठीत मांडले तर असे दिसते. ‘सुरुवात’ म्हणजे फाइलमधला ऑफसेट (कितव्या बाइटपासून वाचायचे ते), ‘हवे’ म्हणजे मागितलेले बाइट, ‘झाले’ म्हणजे आतापर्यंत दिलेले, ‘ठिकाण’ म्हणजे मागणाऱ्याचा बफर, ‘%’ म्हणजे भागाकारातली बाकी.

१. सुरुवात > आकार असेल तर ० परत
२. सुरुवात + हवे ही बेरीज सुरुवातीपेक्षा लहान निघाली तर ० परत
३. सुरुवात + हवे > आकार असेल तर हवे = आकार − सुरुवात
४. झाले = ०. झाले < हवे असेपर्यंत ओळ ५ ते ९ पुन्हा पुन्हा
५. ब्लॉक = बी-मॅप(सुरुवात ÷ १०२४); बफर = बी-रीड(ब्लॉक)
६. तुकडा = (हवे − झाले) आणि (१०२४ − सुरुवात % १०२४) यांतला लहान
७. बफरमधल्या (सुरुवात % १०२४) या जागेपासून तुकड्याइतके बाइट ठिकाणावर उतरवा. जमले नाही तर बफर सोडा, झाले = −१ करा आणि बाहेर पडा
८. बफर सोडा
९. झाले, सुरुवात आणि ठिकाण या तिघांत तुकडा मिळवा
१०. झाले परत

आता १५०० बाइटची फाइल घ्या आणि १००० व्या बाइटपासून १०० बाइट मागा. पहिल्या फेरीत ब्लॉक ०, आतली जागा १०००, ब्लॉकमध्ये उरलेले २४, मागितलेले १००, म्हणून तुकडा २४. दुसऱ्या फेरीत सुरुवात १०२४ झाली, ब्लॉक १, आतली जागा ०, बाकी ७६, तुकडा ७६. एकूण १००. हे खरोखर कागदावर करा. मग १००० पासून ३००० बाइटचे करा, मोठ्या फाइलवर: तुकडे २४, १०२४, १०२४, ९२८ असे पडले पाहिजेत. पहिला आणि शेवटचा तुकडा अर्धवट, मधले पूर्ण. हा आकार डोळ्यांसमोर बसला की कोडमधली चुकलेली ओळ बघताक्षणी खटकते.

कोणती चूक कशी दिसते

काही चुका स्वतःहून ओरडतात. ओळ ७ मध्ये आतली जागा धरायची राहिली, किंवा ओळ ९ मध्ये ठिकाण पुढे सरकवायचे राहिले, तर शेलच येत नाही. डिरेक्टरीतल्या नोंदी आणि चालवायच्या प्रोग्रॅमची पाने (मेमरीचे ४०९६ बाइटचे तुकडे) याच ‘रीड-आय’ मधून वाचली जातात, त्यामुळे बूट होतानाच सगळे कोसळते. या चुका चार मिनिटांत सापडतात. खरी मेहनत पुढच्या चुकांना लागते.

ओळ ६ मधली वजाबाकी राहिली आणि तुकडा ‘हवे − झाले’ आणि ‘१०२४’ यांतला लहान असा काढला, तर काय होते? डिरेक्टरीतली एक नोंद १६ बाइटची असते आणि १६ ने १०२४ ला भाग जातो, म्हणून कोणतीही नोंद दोन ब्लॉकांत विभागली जात नाही. प्रोग्रॅम चढवताना ४०९६ बाइटची पाने ब्लॉकच्या सुरुवातीपासून वाचली जातात. ‘कॅट’ आणि ‘डब्ल्यूसी’ एका वेळी ५१२ बाइट मागतात, म्हणजे तेही हद्द ओलांडत नाहीत. त्यामुळे बूट होते, कॅट बरोबर छापते, डब्ल्यूसी बरोबर मोजते. आता ‘ग्रेप’ (फाइलमध्ये शब्द शोधणारा प्रोग्रॅम) चालवा. ते पहिल्यांदा १०२३ बाइट मागते, दुसरे वाचन १०२३ व्या बाइटपासून सुरू होते आणि हद्द तिथेच लागते. रीडमी फाइलवर ग्रेप दिल्यास ओळींमध्ये कचरा मिसळलेला दिसू शकतो.

तो कचरा येतो कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. बफरच्या स्ट्रक्चरमध्ये डेटाचा अ‍ॅरे सगळ्यात शेवटी असतो आणि ३० बफर एकापाठोपाठ एक मांडलेले असतात. १००० पासून १०० बाइट मागितल्यावर चुकलेला कोड २४ खरे बाइट देतो आणि उरलेले ७६ पुढच्या बफरच्या स्ट्रक्चरमधून उचलतो: त्याचा ब्लॉक नंबर, लॉक, कर्नलमधले पत्ते. म्हणजे साध्या प्रोग्रॅमला कर्नलची आतली माहिती मिळते. ही सुरक्षेची भगदाड आहे आणि तिला त्याच गांभीर्याने घ्या. शिवाय ‘रीड’ने परत दिलेला आकडा १०० च असतो, अगदी बरोबर. फक्त परतीचा आकडा तपासणारी चाचणी इथे आंधळी ठरते.

ओळ ३ राहिली तर फाइल संपल्यावरही वाचन चालू राहते. एक्सव्ही६ नवा ब्लॉक देताना तो शून्यांनी भरते, त्यामुळे शेपटीला शून्ये येतात आणि कॅटमध्ये ती डोळ्यांना दिसत नाहीत. पण ‘एलएस’ ने दाखवलेला आकार आणि डब्ल्यूसीने मोजलेले बाइट पडताळा: डब्ल्यूसीचा आकडा ५१२ च्या पटीत निघतो. जी फाइलसिस्टिम ब्लॉक शून्य करत नाही, तिथे याच चुकीमुळे कोणाच्या तरी पुसलेल्या फाइलचा मजकूर दुसऱ्याच्या हाती पडतो. मोठे वाचन मागितले तर प्रकार आणखी वेगळा होतो. फाइलच्या पलीकडचा ब्लॉक विचारल्यावर ‘बी-मॅप’ तो नव्याने देऊ करते, पण वाचताना लॉगचा (डिस्कवरचे बदल आधी नोंदवून ठेवायच्या वहीचा) व्यवहार सुरू केलेला नसतो. म्हणून कर्नल ‘लॉग-राइट आउटसाइड ऑफ ट्रान्स’ असे म्हणत पॅनिक होतो, म्हणजे सगळे काम थांबवतो. वाचताना लिहिण्याबद्दलचा पॅनिक दिसला की नवशिके लॉगच्या कोडमध्ये शोधत बसतात. तिकडे जाऊ नका, ओळ ३ पाहा.

ओळ २ ही ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे बेरीज ठरलेल्या बिटांत न मावता फिरून लहान होते त्यासाठी आहे. आकडे ३२ बिटांचे आणि बिनचिन्हाचे असल्यामुळे कोणी ‘हवे’ म्हणून −१ दिला तर तो ४२९४९६७२९५ होतो. सुरुवात ० असताना बेरीज तेवढीच राहते आणि ओळ ३ तिला फाइलच्या आकारावर आणते, म्हणून काहीच बिघडत नाही. सुरुवात १ असेल तर बेरीज फिरून ० होते, ओळ ३ ला ती आकारापेक्षा लहान दिसते आणि मर्यादा लागतच नाही. चाचणी करताना आधी एक बाइट वाचा आणि मगच −१ मागा, नाहीतर चूक सापडणार नाही.

आता बफर सोडण्याबद्दल. ओळ ७ मध्ये नक्कल (बाइट ठिकाणावर उतरवणे) फसली आणि बफर न सोडताच बाहेर पडलो, तर तो बफर लॉक केलेलाच राहतो. नक्कल फसते ती मागणाऱ्याने चुकीचा पत्ता दिल्यावर, म्हणून नेहमीच्या वापरात हे घडतच नाही. घडले की दोन प्रकारे दिसते. तोच ब्लॉक पुन्हा वाचायला गेलात तर प्रोसेस त्या लॉकची वाट पाहत कायमची झोपते. तिच्या हातात फाइलच्या इनोडचे (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचे) लॉकही असते, त्यामुळे ती फाइल वाचणारे बाकी सगळेही मागे अडकतात, आणि ‘किल’ने ती उठत नाही, कारण स्लीप-लॉकची वाट पाहताना तो निरोप तपासलाच जात नाही. दर वेळी वेगळा ब्लॉक गळत गेला तर कॅशमधले ३० बफर संपतात आणि ‘बी-गेट नो बफर्स’ हा पॅनिक येतो. पहिल्या प्रकाराची खात्री करायला ‘युजरटेस्ट्स कॉपीआउट’ एवढीच चाचणी चालवा. ती रीडमी फाइल एकामागून एक चुकीच्या पत्त्यांवर वाचायला मागते, त्यामुळे गळती असेल तर दुसऱ्याच पत्त्याला गप्प होते. मग कंट्रोल-पी दाबा: प्रोसेसची यादी येईल आणि युजरटेस्ट्ससमोर ‘स्लीप’ दिसेल.

बफर दोनदा सोडला तर ‘बी-रेल्स’ नावाचा पॅनिक लगेच येतो, त्यामुळे ती चूक लपत नाही. याउलट बफर आधी सोडून नंतर त्यातून नक्कल करणे ही सगळ्यात चिवट चूक. सोडलेला बफर ताज्या वापराच्या यादीत पुढे जातो आणि नव्या ब्लॉकसाठी बफर घेताना मागून घेतला जातो. म्हणजे तुमचा बफर पुन्हा वापरला जायची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि चूक वर्षभरही दिसणार नाही. तिच्यासाठी चाचणीपुरता सापळा लावा. ‘बी-रेल्स’ मध्ये कॅशचे लॉक हातात असताना संदर्भसंख्या (बफर किती जण वापरत आहेत तो आकडा) ० झाली, की त्या बफरचा सगळा डेटा २५४ ने भरा आणि ‘व्हॅलिड’ (डेटा वाचून झाला आहे ही खूण) ० करा. पुढच्या वेळी तो ब्लॉक डिस्कवरून नव्याने वाचला जाईल, त्यामुळे सिस्टिम हळू होते पण चुकत नाही. लॉगमध्ये अडकलेले बफर पिन केलेले (सुटू नयेत म्हणून धरून ठेवलेले) असतात, त्यांची संख्या ० होत नाही, म्हणून न लिहिलेला डेटा या सापळ्यात जात नाही. यानंतर जो कोड सोडलेल्या बफरला हात लावेल, त्याच्या हाती २५४ ची रांग येण्याची शक्यता खूप वाढते. प्रोसेसर एकच ठेवून आणि मग तीन ठेवून, असे दोन्ही वेळा चालवा.

चाचणीचा प्रोग्रॅम

युजर फोल्डरात नवी फाइल करा आणि मेकफाइलमधल्या प्रोग्रॅमच्या यादीत तिचे नाव इतर नावांसारखे पुढे अंडरस्कोर लावून घाला. प्रोग्रॅम एक फाइल लिहितो, ती वेगवेगळ्या मापाच्या तुकड्यांनी वाचतो आणि प्रत्येक बाइट तपासतो.

फाइलमध्ये काय लिहायचे याला फार महत्त्व आहे. स्थानाला २५६ ने भागून उरलेली बाकी लिहिण्याची सवय अनेकांना असते. ती इथे घातक आहे: १०२४ ला २५६ ने भाग जातो, म्हणून सगळे ब्लॉक हुबेहूब सारखे होतात आणि कोडने चुकीचा ब्लॉक दिला तरी चाचणी पास होते. २५१ ने भागा. ती मूळ संख्या आहे, १०२४ ला भागल्यावर बाकी २० उरते, म्हणून प्रत्येक ब्लॉकची सुरुवात आधीच्यापेक्षा २० ने सरकते. २५१ ब्लॉकांच्या अंतरावरचे, म्हणजे ० आणि २५१, १ आणि २५२ असे ब्लॉक तेवढे सारखे येतात. सगळ्यात मोठ्या फाइलसाठी तेही नको असेल तर प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या चार बाइटांत ब्लॉकचा क्रमांक लिहा, मात्र मग त्यांत २५४ ही येऊ शकतो हे ध्यानात ठेवा.

वाचण्याआधी मागणाऱ्याचा बफर पूर्णपणे २५४ ने भरा आणि वाचन त्याच्या १६ व्या बाइटपासून पुढे मागा. फाइलमध्ये ० ते २५० एवढेच आकडे आहेत, म्हणून २५४ दिसला तर तो बाइट कोणी लिहिलाच नाही हे नक्की. प्रत्येक ‘रीड’नंतर या चार गोष्टी पाहा:

परत आलेला आकडा मागितलेल्यापेक्षा मोठा नाही ना; 
बफरचे सुरुवातीचे १६ बाइट अजून २५४ आहेत ना; 
मिळालेला प्रत्येक बाइट त्याच्या फाइलमधल्या स्थानाशी जुळतो ना; 
मिळालेल्या बाइटांनंतर बफरच्या टोकापर्यंत सगळे २५४ आहेत ना.

शेवटची तपासणी लोक हटकून विसरतात. ब्लॉकभर नक्कल करून परतीचा आकडा मात्र बरोबर देणारा कोड फक्त तिथेच पकडला जातो.

फाइलचे आकार: ०, १, १०२३, १०२४, १०२५, १२२८८, १२२८९ आणि २७४४३२. पहिल्या १२ ब्लॉकांचे पत्ते थेट इनोडमध्ये असतात, तेराव्यापासून ते वेगळ्या ब्लॉकमधून काढले जातात, म्हणून १२२८८ ची हद्द हवी. २७४४३२ म्हणजे २६८ ब्लॉक, एका फाइलची कमाल मर्यादा. वाचनाचे माप: १, ७, ५१२, १०२३, १०२४, १०२५, ३०००, ४०९७. सगळ्यात मोठ्या फाइलवर १ आणि ७ गाळलेत तरी चालेल, वेळ फार जातो. एक्सव्ही६ मध्ये ‘एलसीक’ नाही, त्यामुळे १००० व्या बाइटपासून वाचायचे असेल तर आधी १००० बाइट वाचून टाकावे लागतात. प्रत्येक फाइल संपल्यावर आणखी एकदा ‘रीड’ मागा, ० च आले पाहिजे.

एक खाचखळगा: युजर प्रोग्रॅमचा स्टॅक (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलांची जागा) फक्त ४०९६ बाइटचा, एका पानाचा असतो. पाच हजार बाइटचा अ‍ॅरे फंक्शनच्या आत घेतलात तर प्रोग्रॅम संरक्षक पानावर आपटून मरतो आणि दोष फाइलसिस्टिमवर जातो. अ‍ॅरे ग्लोबल ठेवा. शिवाय चाचणीत लिहिलेल्या फाइली डिस्कच्या इमेजमध्ये पुढच्या बूटपर्यंत टिकतात. कधी विचित्र उत्तरे आली तर एफएस डॉट आयएमजी पुसून नव्याने बनवा आणि मगच विश्वास ठेवा.

आत काय चालले आहे ते बघायला ‘रीड-आय’ मध्ये प्रिंट टाकलात तर स्क्रीन वाहून जाईल, कारण प्रत्येक पाथ शोधताना आणि प्रोग्रॅम चढवताना तेच चालते. युजरच्या पत्त्यावर नक्कल होत आहे की कर्नलच्या, हे सांगणारा आर्ग्युमेंट त्याला येतो. तो १ असेल तेव्हाच सुरुवात, ब्लॉक, आतली जागा आणि तुकडा छापा. छापलेले आकडे आणि कागदावरचे आकडे शेजारी ठेवा. जिथे पहिल्यांदा फरक पडतो, ती ओळ चुकली आहे.

दुरुस्ती

इथे घाई होते. शेवटी एक बाइट जास्त येतोय, म्हणून ‘− १’ केले. हद्दीवर फसतेय, म्हणून मागणाऱ्याचा बफर १०२४ च्या पटीत करायला सांगितले. अशा दुरुस्तीने तुमच्यासमोरचे उदाहरण सुटते आणि चूक दुसऱ्या मापावर जाऊन बसते. तुकड्याचे दोनच अंकुश आहेत, मागणारा किती मागतो आणि या ब्लॉकमध्ये किती उरले आहे, आणि दोन्ही ओळ ६ मध्ये दिसले पाहिजेत. फाइल किती उरली आहे हा तिसरा अंकुश लूपच्या आधी, एकदाच लागतो. तो लूपच्या आत घालू नका, नाहीतर वाचणाऱ्याला कोणती मर्यादा कुठे लागते ते कळेनासे होते.

ओळ २ आणि ३ ऐवजी एकच ओळ लिहिता येते: हवे > आकार − सुरुवात असेल तर हवे = आकार − सुरुवात. ओळ १ मुळे सुरुवात आकारापेक्षा मोठी नाही हे ठरलेलेच असते, म्हणून वजाबाकी कधी फिरत नाही आणि बेरीज करायची वेळच येत नाही. हे रूप जास्त भरवशाचे आहे. मात्र वागणूक थोडी बदलते: फिरणाऱ्या बेरजेला जिथे ० मिळत होता, तिथे आता उरलेली फाइल मिळेल. बदल चांगला असला तरी तो पॅचच्या (पाठवायच्या बदलाच्या) वर्णनात लिहा.

बफरच्या गळतीसाठी दोन ठिकाणी ‘बी-रेल्स’ लिहिण्यापेक्षा नक्कलेचा निकाल एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, लगेच बफर सोडा आणि मग निकाल तपासा. सोडण्याची ओळ एकच राहते, उद्या कोणी मध्ये तिसरी बाहेर पडायची वाट घातली तरी ती त्या ओळीखालीच येते. ‘बी-मॅप’ मध्येही हाच नियम पाळला गेला आहे ना ते पाहा. पत्त्यांचा ब्लॉक तिथे वेगळा वाचला जातो आणि तो गळला तर १२२८८ च्या पुढचे दुसरेच वाचन अडकते. ‘बी-मॅप’ ने ० दिले तर ‘बी-रीड’ पर्यंत जाऊ नका. ब्लॉक ० हा बूटचा ब्लॉक आहे, तो वाचला जाईल आणि चुकीऐवजी कचरा हाती येईल.

नक्कल अर्ध्यात फसल्यावर काय परत द्यायचे? एक्सव्ही६ सरळ −१ देते आणि फाइलचा ऑफसेट हलत नाही. लिनक्स तोपर्यंत उतरलेल्या बाइटांचा आकडा देते. दोन्ही चालते, पण ‘झाले’ जसेच्या तसे परत देऊन एक्सव्ही६ चा नियम मोडू नका: पहिल्याच ब्लॉकवर फसले तर ० जाईल आणि मागणारा समजेल की फाइल संपली. ‘झाले’ हे बिनचिन्हाचे व्हेरिएबल आहे. त्यात −१ ठेवून परत देताना ते पूर्णांक होते म्हणून चालते, पण त्याच फंक्शनमध्ये ‘झाले < ०’ अशी तपासणी लिहिलीत तर ती कधीच खरी होणार नाही.

कर्नलबाहेर तपासायचे असेल तर

वाचनाचा लूप साध्या सी प्रोग्रॅममध्ये काढून अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीची हद्द ओलांडली की ओरडणारे साधन) लावून चालवणे फार उपयोगी पडते, पण बफरांचा अ‍ॅरे तसाच उचलून नेऊ नका. एका बफरमधून शेजारच्या बफरमध्ये गेलेले वाचन सॅनिटायझरला दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो सगळा अ‍ॅरे एकच वस्तू आहे. प्रत्येक बफरचा डेटा वेगळ्या ‘मॅलॉक’ने (मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घ्या, म्हणजे ७६ बाइटचे ते उल्लंघन पहिल्याच धावेत ओळ क्रमांकासह पकडले जाईल.

मायक्रोकंट्रोलरवर एसडी कार्डातून फॅट ही फाइलसिस्टिम वाचणाऱ्यांनाही हीच ओळ ६ छळते, फक्त माप ५१२ चे. तिथे एक गुंता जास्त असतो. वेग वाढवण्यासाठी पूर्ण सेक्टर (कार्डावरचे ५१२ बाइटचे तुकडे) थेट मागणाऱ्याच्या बफरमध्ये वाचले जातात आणि अर्धवट सेक्टरच तेवढे आतल्या बफरमधून जातात. त्या आतल्या बफरमध्ये एखादा सेक्टर लिहून बदललेला पण कार्डावर न गेलेला असेल, तर थेट वाचनाने जुना मजकूर येतो. फॅटएफएस ही लायब्ररी थेट वाचनानंतर तेवढा सेक्टर आतल्या बफरमधून पुन्हा वर उतरवते. स्वतःचा ड्रायव्हर लिहीत असाल तर लिहा, बंद न करता लगेच वाचा आणि जुळवा, ही चाचणी वेगळी ठेवा.

पॅच

एक चूक, एक पॅच. गळती आणि तुकड्याचा हिशेब दोन्ही सापडले असतील तर दोन पॅच करा, म्हणजे उद्या कुठला बदल कशामुळे झाला ते शोधता येते. चाचणीचा प्रोग्रॅम पहिल्या पॅचसोबत द्या. वर्णनात चूक कोणत्या मापावर दिसते ते आकड्यांत लिहा: ‘ऑफसेट १०००, मागणी १००, २४ बाइटनंतर पुढच्या बफरचा मजकूर येतो’. असे वाक्य असेल तर तपासणाऱ्याला दोन मिनिटांत स्वतः खात्री करता येते. ‘वाचनातली चूक दुरुस्त केली’ यातून काहीच कळत नाही.

पाठवण्याआधी मूळ कोड घेऊन फक्त चाचणी चालवा, ती नापास झाली पाहिजे. मग दुरुस्ती घालून पास झाली पाहिजे. नापास होताना न पाहिलेल्या चाचणीवर भरवसा ठेवू नका. त्यानंतर युजरटेस्ट्स पूर्ण चालवा. त्यातली ‘बिगफाइल’ ३०० बाइटने वाचते, म्हणजे ती ब्लॉकची हद्द ओलांडते, पण प्रत्येक तुकड्याचा पहिला आणि शेवटचा बाइटच तपासते, म्हणून तुमची चाचणी तिच्याबरोबर हवीच. सगळे झाल्यावर गिट-डिफ ओळ ओळ वाचा: ‘बी-रेल्स’ मधला २५४ चा सापळा आणि ‘रीड-आय’ मधली प्रिंट पॅचमध्ये राहिली असेल तर काढून टाका, पुन्हा बिल्ड करा आणि चाचणी आणखी एकदा चालवून मगच पाठवा.